पतंगाचें पान : संगणकांच्या दोषनोंदींचीं कांहीं अस्सल साधनें

ह्या लेखाचा विषय त्रैमासिकाच्या वाचकांस प्रथमदर्शनीं परका वाटेल. ज्या यंत्राचा जन्म होऊन अद्याप शंभर वर्षेंहि लोटलीं नाहींत, त्याच्या नादुरुस्तीच्या नोंदींस इतिहासाचीं साधनें म्हणावें काय, असाहि प्रश्न कोणी करील. त्यास आमचें उत्तर असें कीं, कागदाची योग्यता त्याच्या वयावर ठरत नाहीं. लिहिणारानें काय पाहिलें, केव्हां पाहिलें, आणि पाहिलेल्यांत स्वतःचें अनुमान किती मिसळलें, ह्यावर ती ठरते. संगणक बिघडला असतां त्याचा वृत्तांत दूरच्या जाणकारास लिहून कळविणें हें आज घरोघरचें काम झालें आहे. हा वृत्तांत नीट लिहिण्याची रीत कशी बनत गेली, आणि तो नीट न लिहिल्यानें अगर लिहिलेला नीट न वाचल्यानें काय प्रसंग ओढवले, हें सांगणारे कागद आतां छापून प्रसिद्ध झाले आहेत. त्यांपैकीं कांहींचा परामर्श येथें घ्यावयाचा आहे.

ह्या वर्गांतील सर्वांत प्रसिद्ध कागद म्हणजे अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या गणनशाळेंतील 'मार्क दोन' ह्या यंत्राच्या रोजनिशीचें एक पान. हें यंत्र हॉवर्ड एकन ह्यांच्या देखरेखीखालीं अमेरिकेच्या आरमाराकरितां बांधलें गेलें. त्यांत विजेनें उघडझांप करणारे हजारों रिले होते. रोजनिशी वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. पानावर हस्तलिखित नोंदी असून मध्यें चिकटपट्टीखालीं एक मेलेला पतंग लावलेला आहे. दुपारीं ३ वाजून ४५ मिनिटांची नोंद अशा आशयाची आहे कीं, एफ् फलकावरील ७० क्रमांकाच्या रिलेंत पतंग सांपडला. 'बग' म्हणजे किडा प्रत्यक्ष सांपडल्याचा हा पहिलाच प्रसंग होय.

ह्या एका ओळीवर केवढी दंतकथा उभी राहिली आहे! संगणकाच्या दोषास 'बग' म्हणण्याची चाल ह्या पतंगापासून पडली, तो ग्रेस हॉपर ह्या विदुषींनीं स्वतः काढला, आणि ही गोष्ट १९४५ सालीं घडली, असें कित्येक ठिकाणीं छापलेलें आढळतें. ह्या तिन्ही विधानांची परीक्षा खुद्द कागदावरून करतां येते. म्हणूनच हें पान आम्हांस महत्त्वाचें वाटतें.

प्रथम कालनिर्णय. पानाच्या माथ्यावर '९/९' एवढेंच लिहिलें आहे. सन दिलेला नाहीं. चंद्र दिला आहे पण साल नाहीं अशीं मराठी पत्रें ज्यांनीं वाचलीं आहेत, त्यांस ह्या अडचणीचें नवल वाटणार नाहीं. अमेरिकेंत महिना आधीं व तारीख मागून लिहितात. परंतु दोन्ही आंकडे एकच असल्यानें येथें तो घोटाळा संभवत नाहीं. आतां १९४५ च्या सप्टेंबरांत मार्क दोन हें यंत्र पुरें झालेलेंच नव्हतें. तें १९४७ सालीं पूर्ण झालें. तेव्हां त्याच्या दैनिक चांचण्यांची रोजनिशी १९४५ ची असणें शक्य नाहीं. जंत्री पाहतां ९ सप्टेंबर १९४५ रोजीं रविवार येतो, १९४७ च्या त्याच तारखेस मंगळवार. युद्धकाळांत ही शाळा सुट्टी पाळीत नसे, म्हणून वाराचा पुरावा एकटा निर्णायक नव्हे; तथापि यंत्राच्या पूर्ततेचा पुरावा त्यास मिळाला म्हणजे ९ सप्टेंबर १९४७ हीच तारीख कायम होते.

दुसरें, पतंग काढणारा कोण? हॉपर ह्या १९४४ पासून त्या शाळेंत होत्या हें खरें. त्यांनीं ही गोष्ट पुढें शेंकडों व्याख्यानांतून सांगितली, आणि सांगणाराच्या नांवावर गोष्ट जमा होणें हा जगाचा रिवाजच आहे. परंतु पतंग आपण काढला असा दावा त्यांनीं केला नाहीं. तो यंत्र चालविणाऱ्या मंडळींस सांपडला, असेंच त्या सांगत असत.

तिसरा मुद्दा शब्दाचा. 'प्रत्यक्ष सांपडल्याचा पहिला प्रसंग' असें जो लिहितो, त्याच्या कानावर तो शब्द आधींपासून अप्रत्यक्ष अर्थानें पडलेला असलाच पाहिजे. नाहींतर त्या नोंदींतील विनोदच नाहींसा होतो. ह्या अंतर्गत पुराव्यास बाहेरचा पुरावाहि आहे. टॉमस एडिसन ह्यानें नोव्हेंबर १८७८ मध्यें आपला युरोपांतील सहकारी थिओडोर पुश्काश ह्यास लिहिलेल्या पत्रांत, नवी युक्ति सुचल्यानंतर जे बारीकसारीक दोष निघत राहतात त्यांस 'बग' म्हणतात, असें सांगितलें आहे. म्हणजे पतंगाच्या आधीं निदान एकूणसत्तर वर्षें हा शब्द कारखान्यांतून नांदत होता.

दंतकथा अशी बाजूस सारल्यावर खरें मोल दिसूं लागतें. त्या दिवशींच्या इतर नोंदींकडे कोणी फारसें पाहत नाहीं. सकाळीं ८ वाजतां अमुक गणित सुरू केलें, १० वाजतां थांबविलें, ३ वाजून २५ मिनिटांनीं बेरजेच्या यंत्रभागाची चांचणी लावली, ५ वाजतां काम बंद केलें, असा वेळवार क्रम त्यांत आहे. एके ठिकाणीं यंत्रानें दिलेला आंकडा २.१३०४७६४१५ असा लिहून त्याखालीं बरोबर आंकडा २.१३०६७६४१५ असा नोंदिला आहे. चौथ्या दशांशस्थळीं सहाच्या जागीं चार पडला, एवढाच फरक. लिहिणारानें 'उत्तर चुकलें' असें लिहून काम उरकलें नाहीं. चुकलेलें व बरोबर असें दोन्ही एकाखालीं एक मांडून ठेविलें, आणि कोणते रिले चांचणींत नापास झाले व बदलले तेंहि लिहिलें. पतंगाची नोंदहि त्याच हाताची आहे : वेळ, फलक, रिलेचा क्रमांक, आणि सांपडलेली वस्तु पुराव्यादाखल जागच्या जागीं चिकटविलेली. ज्यानें हें पान लिहिलें त्यास आपण इतिहास लिहीत आहों ह्याची कल्पना नसावी. चांगल्या कारकुनाची संवय मात्र त्यास होती.

हार्वर्डच्या शाळेंत यंत्र, तें चालविणारा व दुरुस्त करणारा हे एकाच खोलींत होते. रोजनिशी त्यांच्यापुरतीच होती. ही स्थिति फार दिवस टिकली नाहीं. इंग्लंडांत केंब्रिज येथें ६ मे १९४९ रोजीं 'एड्सॅक' हें यंत्र प्रथम चाललें. त्याचे प्रमुख मॉरिस विल्क्स ह्यांनीं आपल्या आठवणींत लिहिलें आहे कीं, आपल्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्याच आज्ञावलींतील चुका शोधण्यांत जाणार, ही जाणीव त्यांस एका जिन्याच्या वळणावर एकाएकीं झाली. यंत्र एक व वापरणारे पुष्कळ, तेव्हां प्रत्येकानें यंत्राशेजारीं बसून एकेक आज्ञा पुढें ढकलीत चूक पाहावी, हें परवडण्यासारखें नव्हतें. त्यांचे सहकारी स्टॅन्ली गिल ह्यांनीं १९५१ मध्यें रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तांत आज्ञावलींतील चुकांच्या निदानावर जो निबंध छापला, त्यांत यंत्रानेंच आपल्या प्रत्येक कृतीची खूण कागदावर छापीत जावें अशी योजना आहे. यंत्र अडलें कीं त्याच्या स्मृतींतील मजकूर छापून घेण्याची रीतहि तेथें होती. तिला शवपरीक्षा म्हणत. येथें प्रथमच यंत्र स्वतःचा लेखक झालें, आणि तो कागद घेऊन माणूस दुसऱ्या खोलींत जाऊन विचार करूं लागला. यंत्राचा मालक व यंत्राचा वैद्य ह्यांच्यांत पुढें जें शेंकडों कोसांचें अंतर पडलें, त्याची सुरुवात ह्या दुसऱ्या खोलीपासून मानण्यास हरकत नाहीं.

तें अंतर किती जिवावर बेतूं शकतें हें 'थेरॅक-२५' प्रकरणाच्या कागदांवरून दिसतें. हें कर्करोगावर किरणोपचार करणारें यंत्र कॅनडाच्या अणुशक्ति कंपनीनें बनविलें. अमेरिकेंत ५ व कॅनडांत ६ अशीं एकूण ११ यंत्रें बसविलीं गेलीं. त्यांत इलेक्ट्रॉनांचा झोत सरळ देतां येई, किंवा सुमारें शंभर पट प्रबळ झोत धातूच्या लक्ष्यावर आपटून क्ष-किरण काढतां येत. प्रबळ झोत सुरू असतां लक्ष्य मध्यें नसेल तर रोग्याची धडगत नव्हती. आधींच्या यंत्रांत हा प्रमाद रोखण्यास स्वतंत्र विद्युत्-अटकाव होते. ह्या यंत्रांत ते काढून सर्व भिस्त आज्ञावलीवर ठेवण्यांत आली. जून १९८५ ते जानेवारी १९८७ ह्या अवधींत सहा रोग्यांस भयंकर मात्रा मिळाल्याचें नमूद आहे. त्यांपैकीं निदान तिघे त्या कारणानें मेले.

प्रत्येक ठिकाणाहून कंपनीकडे तक्रार गेली, ही ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट आहे. जॉर्जिया संस्थानांतील मॅरिएटा येथें ३ जून १९८५ रोजीं पहिला प्रकार झाला. तेथील पदार्थविज्ञानवेत्त्यानें, झोत न पसरतां यंत्र चालणें शक्य आहे काय, असें कंपनीस विचारलें. तीन दिवसांनीं उत्तर आलें कीं, शक्य नाहीं. जुलैंत कॅनडांतील हॅमिल्टन येथें दुसरा प्रकार झाला. कंपनीच्या माणसांस तो पुन्हां घडवून दाखवितां आला नाहीं. त्यांनीं एका लहान खटक्यावर संशय घेऊन तेवढी दुरुस्ती केली, आणि सुरक्षितता निदान एक लक्ष पटीनें वाढल्याचें कळविलें. पुन्हां न घडवितां आलेल्या दोषाची दुरुस्ती लक्षपट झाली हें कोणत्या मापानें मोजलें असेल तें असो! डिसेंबरांत वॉशिंग्टन संस्थानांतील याकिमा येथें एका बाईंच्या अंगावर समांतर पट्ट्यांचा दाह उमटला. रुग्णालयानें पत्र लिहिलें. त्यास २४ फेब्रुवारी १९८६ रोजीं उत्तर आलें कीं, असा अपाय ह्या यंत्राच्या दोषानें किंवा चालविणाराच्या चुकीनें होऊं शकत नाहीं, व असे दुसरे प्रकार कोठेंहि नाहींत. हॅमिल्टनची हकीकत त्याच कचेरींत येऊन सात महिने झाले होते.

आतां ह्या तक्रारींत काय होतें तें पाहावें. परिणाम होता : भाजलें, दाह झाला, रोगी ओरडला. पूर्वक्रम नव्हता. कोणत्या कळा कोणत्या क्रमानें दाबल्या, पडद्यावर काय उमटलें, हें कोणी सविस्तर मांडलें नव्हतें. आणि ह्यांत रुग्णालयांचा दोष आम्ही थोडा समजतों. कारण यंत्र हा स्वतःच अत्यंत वाईट कारकून होता. अडलें कीं पडद्यावर 'बिघाड' हा शब्द व १ ते ६४ मधील एक आंकडा येई. त्या आंकड्याचा अर्थ चालविणारांच्या पुस्तकांत दिलेला नसे. असे बिघाड एका ठिकाणीं कांहीं दिवशीं चाळीसापर्यंत होत. 'पुढें चालूं' ह्या अर्थाची एक कळ दाबली कीं काम सुरू होई. रोज चाळीस वेळां लांडगा आला म्हणून ओरडणाऱ्या यंत्राची नोंद कोण ठेवणार?

२१ मार्च १९८६ रोजीं टेक्सस संस्थानांतील टायलर येथें एका सराईत चालक बाईंनीं इलेक्ट्रॉनांच्या जागीं चुकून क्ष-किरणांचें अक्षर टंकिलें. चूक लक्षांत येतांच बाणाची कळ दाबून त्या वर गेल्या, अक्षर सुधारलें, आणि उपचार सुरू केला. 'बिघाड ५४' असें उमटलें. यंत्रावर लाविलेल्या एका तक्त्यांत त्याचा अर्थ 'मात्रा दाखल २' असा दिला होता; त्यावरून कोणास कांहीं बोध व्हावा असें नाहीं. पडदा सांगत होता कीं, २०२ मापांपैकीं ६ मापेंच मात्रा गेली. बाईंनीं 'पुढें चालूं' ची कळ दाबली. आंत रोगी पहिल्या धक्क्यानें उठूं पाहत होता. दुसरा त्याच्या हातावर बसला. खोलींतील आवाज ऐकण्याची व आंतील दृश्य पाहण्याची दोन्ही साधनें त्या दिवशीं बंद होतीं. १८० रॅडच्या जागीं त्यास १६,५०० ते २५,००० रॅड मिळाले असावे, असा अंदाज पुढें बांधण्यांत आला. कंपनीचे लोक आले, त्यांस 'बिघाड ५४' काढतां येईना, विजेचा धक्का असावा असें त्यांनीं सुचविलें. त्रयस्थ तज्ज्ञांस विजेचा दोष सांपडला नाहीं, आणि ७ एप्रिलास यंत्र पुन्हां सुरू झालें.

चार दिवसांनीं, ११ एप्रिल रोजीं, तेंच यंत्र, त्याच बाई, तीच सुधारणा, तोच आंकडा. ह्या वेळीं आवाज ऐकूं येत होता. हा दुसरा रोगी १ मे रोजीं वारला; पहिला त्यानंतर कांहीं महिन्यांनीं.

ह्यानंतर तेथील पदार्थविज्ञानवेत्त्यानें जें केलें तें आमच्या मतें ह्या सर्व प्रकरणांतील खरें संशोधन होय. त्यानें यंत्र बंद ठेविलें, त्या बाईंस शेजारीं बसविलें, आणि त्यांस जें आठवत होतें तें शब्दानें सांगावयास न लावतां हातानें पुन्हां करावयास लाविलें. पुन्हां पुन्हां प्रयत्न केल्यावर 'बिघाड ५४' उमटलें. रहस्य अक्षरांत नव्हतें, वेगांत होतें. यंत्रांतील चुंबकें जागेवर येण्यास सुमारें आठ सेकंद लागत. तेवढ्या अवधींत सुधारणा पुरी झाली तर ती आज्ञावलीच्या एका भागास कळे व दुसऱ्यास कळत नसे. मग प्रबळ झोत सुटे आणि लक्ष्य मध्यें नसे. नवशिक्याच्या हातून हें घडलेंच नसतें. हा शोध त्यानें कंपनीस कळविला. दुसऱ्या दिवशीं कंपनीच्या अभियंत्याचा निरोप आला कीं, आम्हांस तसें होत नाहीं! 'फार जलद करावें लागतें' असें सांगितल्यावर मात्र त्यांच्याहि यंत्रावर तें झालें, आणि त्यांनीं झोताच्या मध्यावर मोजलेली मात्रा २५,००० रॅड भरली. दहा महिने जें 'अशक्य' होतें तें एका क्रियाविशेषणानें शक्य झालें. वृत्तांतांत तेवढाच शब्द कमी होता.

कंपनीनें १५ एप्रिल रोजीं यंत्र वापरणारांस पत्र धाडलें कीं, बाणाच्या कळेचें टोपण काढून टाकावें व आंतील खटका विजेच्या कामाच्या चिकटपट्टीनें बंद करावा. असें कां करावें, न केल्यास काय होईल, हें त्या पत्रांत स्पष्ट नव्हतें. अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें त्यावर आक्षेप घेतला व २ मे रोजीं यंत्र सदोष ठरविलें. मार्क दोनच्या चिकटपट्टीखालीं पुरावा जपलेला होता. ह्या चिकटपट्टीनें दोष फक्त झांकला. ह्या कागदांची जुळवणी नॅन्सी लेव्हसन व क्लार्क टर्नर ह्यांनीं केली व जुलै १९९३ मध्यें सविस्तर निबंध छापला. तो निघाला नसता तर ही हकीकत फिर्यादींच्या दप्तरांत विखुरलेली राहिली असती.

ह्याच आज्ञावलीचा भाग आधींच्या 'थेरॅक-२०' यंत्रांतहि होता. शिकागो विद्यापीठांत नवे विद्यार्थी सत्रारंभीं तें यंत्र वेडेंवांकडें हाताळीत, तेव्हां त्याचे फ्यूज उडत. कांहीं दिवसांनीं प्रकार थांबे. टायलरची हकीकत वाचल्यावर तेथील पदार्थविज्ञानवेत्त्यानें प्रयोग करून पाहिला, तों तोच दोष. तेथें विद्युत्-अटकाव शाबूत होते म्हणून माणसाऐवजीं फ्यूज जळला, इतकेंच.

उलट बाजूचा एक कागद देऊन हा भाग संपवूं. व्हर्जिनियांतील लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक टॉमस नाइसली हे जुळ्या मूळसंख्यांवर काम करीत असतां १३ जून १९९४ रोजीं त्यांस आपल्या गणितांत विसंगति आढळली. दोष आपल्या आज्ञावलीचा, भाषांतर करणाऱ्या साधनाचा, कीं यंत्राच्या इतर भागांचा, हें एकेक वगळीत ते १९ ऑक्टोबरास इंटेल कंपनीच्या पेंटियम चकतीच्या भागाकारापर्यंत पोंचले. ३० ऑक्टोबरास त्यांनीं कांहीं जाणकारांस पत्र लिहिलें. त्यांत रोष नाहीं, कंपनीची निंदा नाहीं. ८२४६३३७०२४४१ ह्या संख्येनें १ ला भागावें व आलेल्या उत्तरास त्याच संख्येनें गुणावें. निर्दोष यंत्रांत जवळजवळ बरोबर १ येतो, सदोष यंत्रांत ०.९९९९९९९९६२७४७०९७०२ येतो. कोणीहि, कोठेंहि, घरबसल्या करून पाहावें. हें पत्र एका हातांतून दुसऱ्या हातांत गेलें आणि दोन महिन्यांच्या आंत, २० डिसेंबर रोजीं, मागेल त्यास चकती बदलून देण्याचें कंपनीनें जाहीर केलें. त्यापायीं तिनें ४७ कोटि ५० लक्ष डॉलर खर्चीं टाकले. तक्रारींत अनुमान किती असावें ह्याविषयीं इंग्लंडांतील सायमन टॅटम ह्यांनीं १९९९ मध्यें एक उपयुक्त निबंध लिहिला, व त्याचीं अनेक भाषांत भाषांतरें झालीं. परंतु त्यांतील बहुतेक शिकवण नाइसलींच्या पत्रांत आचरणांत आलेली दिसते.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत 'टिफ्रॅक' हा संगणक आपल्याच लोकांनीं बांधला. तो १९६० सालीं पुरा होऊन चालूं झाला, आणि १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्यास हें नांव दिलें. त्या यंत्रावर ज्यांनीं काम केलें, त्यांच्या घरच्या कागदांत रोजनिशीचीं पानें, बिघाडाच्या चिठ्ठ्या, कोठला भाग बदलला ह्याचीं टांचणें असण्याचा संभव आहे. रद्दींत जाण्यास असे कागद फार सोपे. कोणास तसें कांहीं आढळल्यास तें मूळ स्थितींत, त्यावरील शाईचे डाग, चिकटविलेले तुकडे व समासांतील आंकडे न पुसतां, मंडळाकडे नकलेकरितां पाठवावें. नक्कल करून अस्सल परत करण्यांत येईल.